चाकांवरचं घर, सवडीची शाळा

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत गाडी उभी राहिलीच पाहिजे. मग पुढचा मुक्काम वीस किलोमीटरवर असो नाहीतर दोनशे. धर्माचे नियम काटेकोर पाळणारं ज्यू कुटुंब आरव्हीतून अमेरिका पालथी घालायला निघालं, की डिझेल, हवामान आणि मुलांचे हट्ट या सगळ्यांच्या आधी हा नियम त्याचं वेळापत्रक ठरवतो. सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी घरातली बाई मेणबत्त्या लावते. त्यानंतर शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही, शेगडी पेटवायची नाही, जनरेटरचं बटणसुद्धा दाबायचं नाही. शनिवारचं जेवण शुक्रवारीच रांधून झाकून ठेवायचं. टपावर सौरपट्ट्या बसवलेल्या असतील तर तेवढी वीज आपली आपण भरत राहते. आई-बाप मोकळे, गाडी थंड, आजूबाजूला वाळवंट आणि मुलांच्या हाती अख्खा दिवस.

आरव्ही म्हणजे चाकांवर बांधलेलं घर. झोपायच्या फळ्या, गॅसची शेगडी, छोटा फ्रीज, संडास आणि दीडशे ते तीनशे लिटर पाण्याची टाकी, एवढ्यात चार-पाच माणसांचा संसार. हिवाळा आला की अशा हजारो गाड्या ॲरिझोना राज्यातल्या क्वार्ट्झसाइट या छोट्या गावाभोवती सोनोरन वाळवंटात तळ टाकतात. तिथल्या बऱ्याचशा सरकारी जमिनीवर १४ दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. त्याहून जास्त राहायचं तर खास राखून ठेवलेल्या पट्ट्यात १८० डॉलर भरून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा सगळा हंगाम काढता येतो. मुलं तिथं जे शिकतात ते पुस्तकातही असतं, पण वेगळ्या क्रमानं येतं. सग्वारो निवडुंगाला पहिली फांदी फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात, हे झाडाखाली उभं राहून कळतं. कोरड्या ओढ्यात तंबू ठोकायचा नसतो, कारण डोक्यावर ढगाचा तुकडाही नसताना दूरच्या डोंगरावरच्या पावसाचा लोंढा तिथून येऊ शकतो. हे वेळेवर कळलेलं बरं असतं. शाळेचं काय, या प्रश्नाचं उत्तर कायद्यानं सोपं केलंय. अमेरिकेच्या ५० च्या ५० राज्यांत मुलांना घरी शिकवणं कायदेशीर आहे. न्यूयॉर्क दर तिमाहीला अहवाल मागतं, टेक्सास जवळजवळ काहीच विचारत नाही. म्हणूनच बारमाही फिरणारी पुष्कळ कुटुंबं टेक्सास, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटा यांपैकी एखाद्या राज्यात टपालापुरता पत्ता घेऊन ठेवतात.

पुढचे लेख वाचायच्या आधी हे चित्र डोळ्यांसमोर असावं, म्हणून प्रस्तावनेची सुरुवात इतक्या लांबून केली. या संग्रहाचा विषय मात्र जवळचा आहे. ज्यांचं घर चालतं आणि ज्यांची मुलं त्या चालत्या घरात वाढतात, अशी कुटुंबं पाहायला धाराशिव जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. त्यांच्या गाड्यांना टायर आहेत. इंजिनाच्या जागी बैल आहेत, इतकंच. हंगाम लागला की ती रस्त्यावर येतात आणि पाच-सहा महिने परत फिरत नाहीत. त्यांच्या मुलांचं शिक्षणही शाळेच्या बाहेरच होतं. तरीही कुणी त्याला साहस म्हणत नाही.

धाराशिव वाळवंट नव्हे, पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला मुलूख आहे. पश्चिमेला सीना, मधून तेरणा, उत्तरेच्या शिवेवर मांजरा आणि त्यांच्यामध्ये बालाघाटचं पठार. पावसाळ्यात पाणी नदीतून निघून जातं, मागे उरतं ते मुरमाड माळरान, बाभळी, बोरी आणि कुसळं. अशा जमिनीत जी जनावरं तगली ती जगात नाव काढून गेली. काळी, काटक आणि बऱ्याचदा जुळी करडं देणारी उस्मानाबादी शेळी ही त्यातली एक. जिल्ह्याचं नाव बदललं तरी शेळीचं अजून तेच आहे.

या माळावर चाकं फार जुनी आहेत. तेरणेकाठचं तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली, ती ‘पेरिप्लस’ या नावानं ओळखली जाते. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठं शहर आहे, तिथून नाना प्रकारचं कापड गाड्यांत भरून धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराकडे जातं, असं त्यात नोंदलेलं आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा आजही पाहता येतात. त्या गाड्या हाकणाऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. पण भडोचपर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे महिन्यांचा हिशेब होता, आणि एवढा काळ घरापासून तुटलेल्या माणसांचं या भागाला नवल कधीच नव्हतं.

पुढे मेंढपाळ धनगरांचे वाडे या पठारावरून चाऱ्यामागे फिरत राहिले. घोडीच्या पाठीवर बिऱ्हाड, वर बांधलेली कोंबडी, एखादं लेकरू आणि पुढे मेंढरं. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो, कारण एका रात्रीत जमिनीला खत मिळतं. त्याबद्दल मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. दहा वर्षांचं धनगराचं पोर शेकडो मेंढरांतून आजारी मेंढरू चालीवरून ओळखतं. त्याला वर्ग, इयत्ता आणि गुणपत्रिका नाही. फासेपारधी कुटुंबांची गोष्ट आणखी कडू. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी पालाकडे पोलिसांची आणि गावाची नजर तीच राहिली. तित्तिराच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून फास लावणाऱ्या मुलाकडे जे निसर्गज्ञान असतं, त्याच्यासाठी आरव्हीवाल्या कुटुंबानं मार्गदर्शकाला पैसे मोजले असते.

आणि मग ऊसतोड कामगार. संख्येनं सगळ्यांत मोठा, दर वर्षी न चुकता होणारा चालत्या घरांचा हा प्रवास. बीड जिल्हा त्यासाठी ओळखला जातो, पण धाराशिवच्या भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतूनही दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाड्या निघतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सीमेपलीकडचं बेळगाव. गंमत अशी की धाराशिवमध्येही कारखाने आहेत, ढोकीचा तेरणा हा त्यांतला जुना. त्यामुळे जिल्ह्यातून कोयते बाहेर जातात आणि बाहेरचे कोयते जिल्ह्यात येतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. पावसाळ्यात, घरात दाणा नसताना घेतलेली उचल फेडण्यासाठी हा कोयता मार्च-एप्रिलपर्यंत चालतो.

यांचा एक दिवस जवळून पाहावा. पहाटे तीन-चारला कोपीसमोर चूल पेटते. कोपी म्हणजे वेळूच्या कांबी वाकवून वर चटई किंवा ताडपत्री टाकलेला आडोसा. आत जायला वाकावं लागतं आणि उभं राहता येतं ते फक्त मधोमध. भाकरी थापून, फडक्यात बांधून अंधारातच सगळे फडावर जातात. बाप बुडातून ऊस तोडतो, आई वाढं छाटते, मोळ्या बांधते, मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. सात-आठ वर्षांची पोरगी बांधावर धाकट्याला सांभाळते, त्याहून थोडी मोठी असेल तर वाढ्याच्या पेंढ्या बांधते. ही वाढी जनावरांना चारा म्हणून विकली की वरखर्चाचे चार पैसे सुटतात. गाडी भरली की बाप कारखान्याच्या गव्हाणीसमोर रांगेत जातो. रांग लांब असेल तर रात्र तिथंच जाते. जानेवारी २०२४ मधल्या करारानं तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. एका कोयत्याकडून दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तुटतो. म्हणजे दोन माणसांच्या पहाटेपासूनच्या राबण्याचे सात-सव्वासातशे रुपये, तेही उचलीतून वळते होणारे.

एक दिवस काम चुकलं की खाडा. आजारपण असो, बाळंतपण असो, पोराला शाळेत घालायला जायचं असो. खाड्याचे पैसे मजुरीतून कापले जातात. हंगामात कारखान्याची चाकं रात्रंदिवस फिरतात आणि त्यांना सुट्टीचा वार ठाऊक नसतो. प्रस्तावनेच्या सुरुवातीच्या शुक्रवारशी याची तुलना केली, की या संग्रहाला काय म्हणायचंय ते ध्यानात येतं. चालत्या घरात मूल शिकतं का, हा प्रश्न इथं महत्त्वाचा नाही. शिकतंच. मूल शिकत असताना त्याच्याशेजारी बसायला आई-बापाला सवड आहे का, हा प्रश्न आहे.

सवड असली तर शाळेविना काय काय टिकतं, याचा पुरावा मराठी बोलणाऱ्या ज्यूंनीच देऊन ठेवलाय. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि त्यातून सात जोडपी वाचली, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत कथा आहे. कोकणातल्या गावांत ते पांगले, दिवेकर, पेणकर, किहीमकर अशी गावाची आडनावं लावू लागले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचा हा त्यांचा नेम, म्हणून लोकांनी त्यांना ‘शनवार तेली’ नाव दिलं. कित्येक शतकं त्यांच्यापाशी ना सिनेगॉग होतं, ना धर्मगुरू, ना ग्रंथ. एक हिब्रू प्रार्थना, सुंता, खाण्यापिण्याचे नियम, शनिवार आणि काही सण एवढं मात्र राहिलं, ते आई-बापांनी मुलांना घरात शिकवलं म्हणून. सणांची नावंही मराठीच झाली: नव्याचा सण, खिरीचा सण, दरफाळणीचा सण. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं ते १७९६ साली, सामाजी हसाजी दिवेकर यांच्या पुढाकारानं.

अलिबाग तालुक्यातल्या खंडाळे गावाजवळ एक खडक आहे. एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या रथाच्या चाकांच्या खुणा त्यावर उमटल्या आहेत अशी या समाजाची श्रद्धा. नवस फेडायला लोक तिथं जातात, घरी पोहे, खोबरं, गूळ आणि फळं घालून मलिदा करतात. रथ, चाकं आणि आकाशातून आलेला पाहुणा ही गोष्ट पोरांना सांगायला कुणी शिक्षक नेमलेला नव्हता.

पण याच समाजानं शाळा नाकारली नाही, हेही तितकंच खरं. मुंबईत वस्ती वाढली तशी हाईम सॅम्युएल किहीमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ मध्ये मुलांसाठी इस्रायली शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा म्हणून नावारूपाला आली. समाजाचा इतिहास लिहिणारेही किहीमकरच. १९४८ नंतर बेने इस्रायल कुटुंबं मोठ्या संख्येनं इस्रायलला गेली, आणि त्यांच्यातल्या कित्येकांचं बिऱ्हाड पडलं ते नेगेव्हच्या वाळवंटात. १९५५ मध्ये वसवलेलं दिमोना हे त्यांतलं एक गाव. तिथं नोकरी, घर, भाषा सगळं नव्यानं शिकावं लागलं. मराठी मात्र घरात राहिली, आणि इस्रायलमधून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघालं. वाळवंट, ज्यू कुटुंब आणि घरातलं शिक्षण या तिन्ही गोष्टी एकत्र आलेलं मराठी उदाहरण हवं असेल, तर ते हेच.

आजच्या महाराष्ट्रात मुलांना हौसेनं घरी शिकवणारे पालकही आहेत, बहुतेक पुण्या-मुंबईतले. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणं त्यानं पालकांचं कर्तव्य ठरवलं, त्यामुळे घरशाळेचं स्थान थोडं अधांतरीच राहिलं. परीक्षेची वाट मात्र मोकळी आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेची दहावी-बारावी देता येते; राज्य मंडळाकडे खासगी विद्यार्थ्यांसाठी १७ नंबरचा फॉर्म आहे, जो गावोगावच्या नापासांना आणि शाळा सुटलेल्यांना तोंडपाठ असतो. मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण २०१६ मध्ये देशभर गाजलं. सातवीनंतर आईनं तिला शाळेतून काढलं, ती घरी शिकली, संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिनं तीन पदकं मिळवली आणि बारावीचं प्रमाणपत्र नसताना अमेरिकेतल्या एमआयटीत तिला प्रवेश मिळाला. बातम्यांनी मुलीची हुशारी रंगवून सांगितली. तिला शिकवण्यासाठी आईनं नोकरी सोडली होती, ही गोष्ट तेवढी ठळक छापली गेली नाही.

नोकरी सोडणं परवडतं तिथं घरशाळा होते. फडावरच्या आईनं काम सोडलं तर कोयताच मोडतो. म्हणून ऊसतोड मुलांसाठी जे उपाय झाले ते सगळे बाहेरून उभे करावे लागले. या शतकाच्या सुरुवातीला औरंगाबादच्या ‘जनार्थ’ संस्थेनं कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालवल्या. हंगामापुरती शाळा कोप्यांजवळ आणायची, ही कल्पना साधी होती. पण कारखान्याची गाडी आज या फडावर तर उद्या दहा कोसांवर, त्यात पट टिकवणं अवघड. शिक्षणहक्क कायद्यानंतर भर बदलला. मुलाला गावातच ठेवून हंगामी वसतिगृह द्यायचं, किंवा ते जिथं जाईल तिथल्या शाळेत शिक्षण हमी कार्डावर बसवायचं. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून शाळेला मूल परत पाठवता येत नाही, असं कायदा स्पष्ट सांगतो. कोपीत राहणाऱ्या बापाला हे कलम माहीत असतंच असं नाही. २०२१ मध्ये राज्य सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावानं वसतिगृह योजना आणली, तिचा रोखही मूल गावाकडे थांबावं असाच आहे.

भटक्यांच्या मुलांसाठी तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीत निवासी शाळा उभी राहिली. गिरीश प्रभुणे आणि त्यांच्यासोबतच्या कार्यकर्त्यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात हे काम सुरू केलं. पारध्यांची मुलं पालातून इथं आली, राहिली, शिकली. प्रभुण्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. यमगरवाडीसारख्या प्रयोगांवर मतं वेगवेगळी असू शकतात. मूल पालापासून तोडलं, असं एक बाजू म्हणेल. पालातच ठेवलं असतं तर काय झालं असतं, असं दुसरी विचारील. संग्रहात दोन्ही बाजू आहेत.

चालत्या घराचं बालपण मराठी साहित्याला अनोळखी नाही. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० मध्ये आलं. गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडणाऱ्या कैकाडी बापानं मुलाला शाळेत घालायचा धरलेला हेका हा त्या पुस्तकाचा कणा आहे. ‘उचल्या’ लिहिणारे लक्ष्मण गायकवाड धनेगावचे. ते आज लातूर जिल्ह्यात असलं, तरी लातूर १९८२ मध्ये वेगळा होईपर्यंत तो सगळा भाग उस्मानाबाद जिल्ह्यातच होता. या दोन्ही आत्मकथनांतला मुलगा रस्त्यावर शिकलेलं विसरत नाही. पण त्याला शाळाच हवी असते. पाटी, घंटा आणि हजेरीपटावर नाव असलेली.

आरव्हीतल्या कुटुंबांच्या कहाण्या वाचताना आणि या कहाण्या वाचताना वाचकाचा नेमका इथंच गोंधळ उडतो. पहिलं कुटुंब घर विकून गाडी घेतं, मुलांना वर्गाच्या चार भिंतींतून सोडवतं. दुसरं कुटुंब आयुष्यभर गाडीमागे चालतं, आणि पोरीनं तरी एका जागी बसून शिकावं म्हणून वसतिगृहाच्या यादीत नाव लागतंय का ते विचारत राहतं. दोन्ही कुटुंबं मुलांच्या भल्याचाच विचार करतात. पहिल्याला कंटाळा आला की परत फिरता येतं, क्वार्ट्झसाइटचा परवाना १५ एप्रिलला संपतो आणि गाडी दुसरीकडे वळते. दुसऱ्याचा हंगाम उचल फिटली तरच संपतो. तरीही एकाचं सुख आणि दुसऱ्याचं दुःख अशी सरळ वाटणी करायचा मोह संपादनात टाळला आहे. मेंढरामागचा पोर दुःखीच असतो असं नाही, आणि अठरा मिनिटांचा हिशेब ठेवत वाळवंटात गाडी हाकणारी आई रोज सुखीच असते असंही नाही.

संग्रहाचे तीन भाग केले आहेत. पहिल्या भागात वाडा, पाल आणि कोपी इथलं शिकणं आहे: कोण काय शिकवतं, कधी, कोणत्या कामाच्या ओघात. दुसऱ्या भागात शाळा आणि कायदा आहे. साखरशाळेपासून हमी कार्डापर्यंत काय चाललं आणि काय अडलं. तिसऱ्या भागात घरी शिकवणारी कुटुंबं आहेत, इथली आणि परदेशातली, आणि त्यांत बेने इस्रायल समाजाला वेगळी जागा दिली आहे. घाईत असलेल्या वाचकानं दुसऱ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल. शिक्षक, ग्रामसेवक आणि मुकादमांशी बोलणारे कार्यकर्ते यांच्या उपयोगाचं बरंचसं तिथं आहे. दाखल्याबाबतचं कायद्याचं कलम सोप्या मराठीत, एका पानावर, फाडून घेता येईल अशा बेतानं छापलं आहे, म्हणजे दसऱ्यानंतर गाड्या जुंपल्या जातील तेव्हा ते शाळेच्या भिंतीवर डकवता येईल.